डावीकडे सरकलेला भांग

८ जानेवारी, गुरुवार

आज भांग आणखी बोटभर डावीकडे सरकवला! उजवीकडची टकली जागा रुपयाएवढी झालीय. सूनबाई शहजादी ऑक्टोबरात आसिफशी भांडून संगमनेरला माहेरी गेली, तेव्हापासून इन्शा स्वतःचे केस उपटते. गणितं करताना, टीव्ही बघताना. दहा वर्षांची आहे माझी नात.

आसिफला सांगितलेलं नाही. माझाच मुलगा, पण ओरडेल. आणि शहजादीला कळलं तर ती लेकीला घेऊन जाईल. मग या घरात मी सकाळी कोणाची वेणी घालू?

१० जानेवारी

माझ्या लहानपणी कॉन्व्हेंटात सिस्टर वेण्या अशा घट्ट घालायच्या की डोळे ताणले जायचे. पांढऱ्या रिबिनी! रडू आलं तरी प्रार्थनेला सरळ उभं राहायचं. किती छान दिसायचो आम्ही – फोटोत.

१३ जानेवारी, मंगळवार

दहाव्या वर्षाची लस. राहात्याचा नेहमीचाच दवाखाना. आता तिथे लशीआधी मनाचाही कागद भरून घेतात. झोप, भूक, भीती, स्वतःला इजा – काही तक्रार? सगळीकडे 'नाही'. खाली माझी वळणदार सही!

मग उंची. तिथली मदतनीस जया म्हणाली, "आजी, वेण्या लई वर बांधल्यात. सोडा, उंची चुकंल."

"राहू दे गं."

"आवं, पोरगी दोन बोटं फुकटची वाढंल!"

ती हसली. इन्शा हसली नाही. तिने स्वतःच रिबीन ओढली.

जयाला ती जागा दिसली. मग हलक्या हाताने केस परत सारखे केले.

आत निकिता – समुपदेशक, अगदी तरुण मुलगी. इन्शाला वेगळा कागद दिला होता. "दादीला दाखवू?" इन्शाने मान डोलावली. स्वतःला इजा – 'हो'. खाली प्रश्न, 'घरात कोणाला माहीत आहे?' पुढे तिचं अक्षर – 'दादीला. ती रोज झाकते.'

निकिता रागावली नाही. रागावली असती तर बरं! म्हणाली, "पुढच्या बुधवारी आईवडील दोघंही हवेत."

दोघंही.

१४ जानेवारी

आसिफला सांगितलं. ओरडला नाही. ताटावरून उठला. "तिला तूच फोन कर, अम्मी."

१८ जानेवारी

शहजादीचा नंबर तीनदा काढला. तीनदा मोबाईल ठेवला. चौथ्यांदा लावला.

२१ जानेवारी, बुधवार

मधोमध भांग पाडला. "दादी, दिसतंय!" म्हटलं, दिसू दे. तुझी अम्मी येतेय, साडेनऊच्या बसने. पिशवीत तुझे कपडे भरलेत – कंगवाही.