तुमच्या नावानं सांगितलेली इच्छा

अण्णा, तुम्ही कधी न पाहिलेल्या तुमच्या नातीला मी तुमच्या नावानं एक खोटी गोष्ट सांगितली, आणि तेव्हापासून मला स्वस्थता नाही. सकाळी दिवा लावतो, स्तोत्र म्हणतो, पण जीभ एकीकडे आणि मन भलतीकडेच. देवांच्या शेजारी तुमचा फोटो आहे, चष्मा नाकावर उतरलेला. त्याला हात जोडतो आणि नजर खाली ठेवूनच उठतो. हिच्या, तुमच्या सुनेच्या, ते लक्षात आलं. पाठ दुखतेय का, असं तिनं विचारलं आणि मी हो म्हणालो. म्हणजे एका खोट्यावर दुसरं.

मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला फार्मसीला जायचं आहे, आणि हे तिच्या डोक्यात मी घातलेलं नाही. दर शनिवारी ती जवळच्या मनुरेवा उपनगरातल्या एका औषधांच्या दुकानात काउंटरला असते. एकदा तिला आणायला गेलो तेव्हा काचेतून पाहिलं, तिथल्या फार्मासिस्टबाई एका म्हाताऱ्या माणसाच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या आणि आठवड्याच्या गोळ्यांची डबी त्याला एकेक कप्पा दाखवत समजावत होत्या, आणि आपली पोर हातातलं काम सोडून ते बघत उभी होती. गाडीत बसल्यावर म्हणाली, हेच करायचंय मला. मला दवाखान्यातली तुमची कंपाउंडरची खिडकी आठवली. लाल मिक्श्चरची बाटली, डोसांच्या खुणांसाठी कात्रीनं कातरलेली कागदाची पट्टी, ती चिकटवून झाल्यावर अंगठ्यानं दाबण्याची तुमची पद्धत. रोग्याकडून तुम्ही दोनदा वदवून घ्यायचात, किती वेळा आणि कशानंतर. तिला तेव्हा यातलं काही सांगितलं नाही. का नाही, कुणास ठाऊक.

इथे परदेशात बारावीनंतर थेट फार्मसीला जाता येत नाही. आधी विद्यापीठात दुसरं काहीतरी शिकायचं, मग अर्ज करायचा. तिच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, बायोमेडिकलचं पहिलं वर्ष, आणि त्या वर्षाच्या मार्कांवर अर्ज. या वर्गात बहुतेक सगळे डॉक्टर व्हायला आलेले असतात. दुसरी, रसायनशास्त्राची तीन वर्षांची पदवी नीट पुरी करायची आणि मग फार्मसीचा अर्ज. तिला दुसरी वाट हवी होती. तिचं म्हणणं, शर्यतीत धावून धावून जो विषय आवडतो त्याचाच कंटाळा येईल, आणि औषध म्हणजे काय हे मुळापासून कळलं तर तीन वर्षं वाया कशी जातील. हे सगळं ती इंग्रजीत बोलते, मी मराठीत भांडतो. मी म्हणायचो, पहिल्या वाटेनं गेलीस तर डॉक्टरकीचं दारही उघडं राहतं. ती म्हणायची, त्या दारातून मला जायचंच नाहीये, बाबा. खरं सांगायचं तर, रसायनशास्त्राची पदवी म्हटलं की मला माझीच दिसते. ती घेऊन मी इतकी वर्षं एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात नमुने तपासतो आहे. पोटाला कमी पडलं नाही, पण माझ्या पोरीनं याच रस्त्यानं का यावं?

मग पक्षातली तुमची तिथी आली. अळूची पानं आदल्या रविवारी अवोन्डेलच्या बाजारातून आणली होती. तिथली सामोअन बेटांवरची भाजीवाली बाई मला आता ओळखते, मी पैसे काढायच्या आधीच जुडी पिशवीत टाकते. हिनं खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं केलं. टाकानिनीतली आमची नवी वसाहत, एकासारखं एक घर, मध्ये पातळसं लाकडी कुंपण. त्या कुंपणालगत स्टूल ठेवून मी पान वाढलं आणि हात जोडून उभा राहिलो. वारा बोचरा होता. दोन साळुंक्या कुंपणावर बसल्या, पानाकडे बघून उडून गेल्या. अर्धा तास गेला तरी पानाला कोणी शिवेना. ही दारातूनच म्हणाली, "अहो, इथे कावळे नाहीत हे तुम्हाला दरवर्षी नव्यानं कळतं का?"

एरवी मीही हसलो असतो. दरवर्षी आम्ही थोडा वेळ थांबतो, नमस्कार करून पान तिथेच ठेवतो आणि जेवायला बसतो. पण त्या दिवशी मुलगी जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून माझ्या शेजारी येऊन उभी होती, कधी नव्हे ती. तिनं विचारलं, पक्ष्यांनी खाल्लं नाही तर काय होतं. मी सांगितलं, आपल्याकडे म्हणतात की गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही. मग घरच्यांनी ती पुरी करण्याचा शब्द द्यायचा असतो.

"मग आजोबांची काय राहिली होती?"

अण्णा, मी ठरवून काही केलं नाही. पण तोंड उघडलं आणि वाक्य तयारच होतं. म्हणालो, घरात कोणीतरी डॉक्टर व्हावं, असं त्यांच्या फार मनात होतं. "आजोबांना तसं हवं होतं? रिअली?" मी मान हलवली. पान समोर होतं, मी नुकतंच तुमचं नाव घेऊन पाणी सोडलं होतं, आणि मी मान हलवली.

तिनं वाद घातला नाही. घातला असता तर बरं झालं असतं. संध्याकाळी तिनं अर्जात बायोमेडिकल लिहिलं आणि आईला सांगितलं, एक वर्ष करून तर बघते, आजोबांसाठी. अर्ज पाठवायला अजून आठवडा होता. त्याहून वाईट म्हणजे तिला एकाएकी तुम्ही हवे झालात. रोज जेवताना काहीतरी विचारायची. आजोबा सायकलवर जायचे का, त्यांना राग यायचा का, ते विनोदी होते का. जिनं सतरा वर्षांत तुमचं नावही घेतलं नव्हतं ती मराठीत, अडखळत, तुमच्याबद्दल विचारत होती. मी सांगत होतो, रंगवून सांगत होतो. खरं बोललो तर हेही जाईल, असं वाटायचं.

माझा बारावीचा निकाल लागला तो दिवस या आठवड्यात मला पुन्हा पुन्हा आठवला. मी गुणपत्रिका घेऊन दवाखान्यात येतो. तुम्ही पट्ट्या कातरताय. मी विचारतो, अण्णा, पुढे काय घेऊ? तुम्ही कात्रीवरची नजर न उचलता म्हणता, "तुला काय झेपतं ते तू बघ." मी उभाच राहतो. तुम्ही पुढची बाटली घेता. माझ्या वर्गातल्या पोरांचे बाप त्या महिन्यात घसा फुटेस्तोवर भांडत होते, एकानं तर मुलाला मारलं होतं, आणि मला त्या पोराचा हेवा वाटला. वाटलं, माझ्याविषयी तुमच्या मनात काहीच नाही. तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं ते काही विचार करून नव्हे. बस थेट जायची म्हणून. त्याचा राग मी तुमच्यावर किती वर्षं धरला होता, ते मला आत्ता लिहिताना कळतंय. तुम्ही मला मोकळं सोडलंत की वाऱ्यावर सोडलंत, ते अजून ठरवता येत नाही.

पण शेवटी मला उठवलं ते दुसऱ्याच एका दिवसानं. मी आठवीत असेन. तुम्ही आत होतात, खिडकीशी मी. ओढ्यापलीकडची एक म्हातारी औषध घेऊन निघाली होती. तिनं विचारलं, यावर केळं खाल्लं तर चालतं का. मी मोठ्या रुबाबात सांगितलं, डॉक्टरांनी नको म्हटलंय. ती गेली. तुम्ही बाहेर आलात आणि विचारलंत, डॉक्टर म्हणाले का तसं? मी म्हणालो, नाही, पण कफ होतो ना. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "मग जा. सांगून ये." भर उन्हात ओढा ओलांडून गेलो. म्हातारी ऐकून हसली, "बापानं धाडला व्हय रं?" म्हणाली, आणि घरातलंच एक केळं माझ्या हातावर ठेवलं.

शनिवारी सकाळी मुलीला कामावर सोडायला निघालो. ती खिडकीबाहेर बघत होती. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी समोर बघतच सांगून टाकलं की आजोबा तसं कधीच म्हणाले नव्हते, ते मी बनवलं. सिग्नल हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न वाजवला तेव्हा मी निघालो. दुकानापाशी गाडी लावल्यावरही ती पट्टा सोडेना.

"मग डॉक्टर कोणाला हवा होता?"

"मला."

"तसं सांगायचं ना मग." हे तिनं मराठीत म्हटलं. मग विचारलं, "आणि आजोबांना? त्यांना काय हवं होतं?"

मी म्हणालो, माहीत नाही. तिला ते खरं वाटेना. तू कधी विचारलं नाहीस? नाही, म्हणालो. तिनं दार उघडलं, उतरली, दार जरा जोरानंच लावलं आणि आत गेली. काचेतून मला दिसलं, तिनं त्या फार्मासिस्टबाईंना किया ओरा, म्हणजे इथला नमस्कार, म्हटलं आणि कोट चढवला. मी तिथेच बराच वेळ बसून होतो. मला आठवून बघायचं होतं, तुम्हाला एकदा तरी काय हवं म्हणून विचारलं होतं का. चहा विचारला होता. गोळी घेतली का, ते विचारलं होतं.

तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात मी भांडी पुसत होतो तेव्हा येऊन म्हणाली, अर्ज पाठवला, केमिस्ट्री. नजर माझ्यावर रोखलेली होती. मग म्हणाली, आता आजोबांबद्दल खरं काय असेल तेवढंच सांगत जा. मी ताट फडताळात ठेवलं आणि म्हणालो, छान केलंस.

अण्णा, हे पत्र स्तोत्रांच्या पुस्तकात ठेवीन, पाठवायला पत्ता नाही. पण तुमच्यापासून लपवून काय करू? छान केलंस म्हणालो खरा, पण मला तसं मुळीच वाटलं नव्हतं. अजूनही वाटत नाही.