शेंदूर कुणी फासला

धुळे,
१३ ऑगस्ट १९९१, मंगळवार

सुकदेवभाऊ,

अभिमनचा नमस्कार. आईचे गुडघे बरे आहेत. इकडे पाऊस बेताचाच. तुमच्या मेहरूणच्या तलावात पाणी चढलं का? पंकजचा दात पडला का एकदाचा?

झाली विचारपूस. पुढचं पोस्टकार्डावर मावलं नसतं, म्हणून पाकीट आणलंय.

गुरुवारी नगरपालिकेच्या हॉलमध्ये, कारखान्याच्या जागेवर सोसायटीला घरं बांधू द्यायची का या सुनावणीत, साहेबांपुढे तू झकास बोललास. मी मागच्या रांगेत आईशेजारी होतो. तू आमच्याकडे पाहिलंस आणि न पाहिल्यासारखं केलंस. "माझे वडील हिलाल आबा या रंगाच्या कारखान्यात एकवीस वर्षं राबले. जमिनीत विष असतं तर ते साठीपर्यंत जगले असते का? ते गेले बिडीपायी." टाळ्या. मग म्हणालास, तिथल्या जागृत म्हसोबाला सोसायटी हात लावणार नाही, उलट देऊळ बांधेल, भोवती पोरांना खेळायला बाग करेल. आणखी टाळ्या. लगेच चेअरमन पितांबरनानांनी दिलेल्या जीपमध्ये बसून जळगावला पसार. चहासुद्धा घेतला नाहीस.

पुढचं नानांनी तुला सांगितलंच असेल. पण त्यांच्या सांगण्यात माझा भाग कमी पडला असेल, म्हणून लिहितो.

भाऊ, आबांनी बिडीला कधी हात लावला होता? त्या पिवळ्या भुकटीनं त्यांच्या नाकाचा पडदा सडला होता. एका नाकपुडीतून दोरा घालून दुसरीतून बाहेर काढून दाखवायचे आणि आपण हसायचो. तू जास्त हसायचास.

आणि तो म्हसोबा.

(इथलं वाक्य तीनदा खोडलं. आता सरळ लिहितो.)

कारखाना बंद पडला त्या वर्षी मालकानं गाळाची पिंपं जमिनीत पुरायला लावली. तिथं कुणी विहीर खणू नये म्हणून आबांनी वर दगड ठेवला. बोलून कोण ऐकणार, देव दिसला तर कुदळ थांबेल, एवढाच त्यांचा हिशोब. शेंदूर फासायला कोण गेलं? तू. आयटीआयच्या सुट्टीत. तेलाची वाटी माझ्या हातात होती.

पुढं बायका नारळ फोडायला लागल्या. तिथली माती अंगारा म्हणून लेकरांच्या कपाळाला लावायला लागल्या. आबांनी दोघीतिघींना खरं सांगितलं, तर त्यांनाच वेड्यात काढलं. आपण दोघं सगळं बघत होतो आणि गप्प होतो. तू का गप्प होतास ते सोसायटीनं दिलेल्या कोपऱ्यावरच्या फुकटच्या प्लॉटनं कळलं. मी गप्प होतो, कारण तुझ्या मनिऑर्डरीवर बी.ए. होत होतो. माझं पाप एवढं. मोजून एवढंच.

तर तू गेल्यावर मी उठलो. म्हटलं, तो देव नाही, आमच्या बापानं ठेवलेला दगड आहे, खाली कारखान्याचा गाळ आहे.

"ए कवी, खाली बस!"

"दाढी वाढवली म्हणजे देवाला दगड म्हणशील?"

"भावाचं चांगलं झालेलं बघवत नाही याला!"

साहेबांनी विचारलं, पुरावा आहे का? तेवढ्यात आई उठली. चारचौघांत आवाज न काढणारी आपली सुंदरबाई, भाऊ. डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "तो देव नही शे, साहेब. मना घरधनीनी ठेयेल दगड शे. खाले पिवयी माटी शे."

"मग शेंदूर कुणी फासला?" साहेबांनी विचारलं.

"मना मोठा पोऱ्यानी. आते बोलीसन गया ना, तोच."

साहेबांनी ते लिहून घेतलं आणि तिथं खणून बघायचा हुकूम दिला.

शनिवारी पंचांसमोर खणलं. कुदळ मारायला कुणी धजेना, तेव्हा आईनं दगडाला नमस्कार केला, "आते तुनं काम झायं," म्हणाली, आणि मला दगड उचलायला लावला. कंबरेइतका खड्डा होतो न होतो तोच गंजलेलं पिंप फुटलं. पिवळं पाणी. आबांच्या बनियनवर असायचं, तेच पिवळं. साहेबांनी तिथल्या तिथं बांधकाम थांबवल्याची नोटीस लिहिली.

सभासद चिडले. विचारायला लागले, जमिनीची हमी देणारा तो सुकदेव राहतो कुठं? मी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन फळ्यावर तुझा पत्ता लिहिला. मेहरूण, तलावाकडून तिसरी गल्ली, निळं फाटक. अक्षर फार सुंदर आलं. आजवर लिहिलेली एकही कविता मला एवढी आवडली नव्हती. लोक येतील तेव्हा वहिनीला त्रास देऊ नकोस, बाहेर येऊन तूच बोल. भाषण येतंच तुला.

येत्या रविवारी कानबाईचा सण. काल आई नैवेद्याच्या रोटांचे गहू मोजून घ्यायला बसली. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. आबा गेल्यापासून पहिली मूठ तुझी असते. तिनं सवयीनं तुझं नाव घेतलं, मूठ सुपात टाकली. मी ते गहू उचलले आणि परत डब्यात ओतले.

आईनं पाहिलं. वाटलं, आता थोबाडीत बसते. तिनं हात पदराला पुसला आणि पंकजचं नाव घेतलं.

पोराची मूठ सुपात आहे. त्याला वहिनीबरोबर पाठव. तू येऊ नकोस. रोट भाऊबंदांशिवाय कुणाला देत नाहीत, तुला माहीत आहे.

तेलाची वाटी धरणारा,
अभिमन