वाळ्याच्या पाण्यासाठी नळी

टॅम्पिनीस, १३ मे २००६, शनिवार

अजून हसू येतंय. जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत मी इमारतीएवढ्या डिस्टिलेशन कॉलमचं मटेरियल ठरवते, आणि घरी वाळ्याचं सुगंधी पाणी काढायला हातभर नळी हवी, तर तीन आठवडे घोळ! तांबं, स्टील की काच? सासूबाईंनी नागपूरहून आणलेली वाळ्याची जुडी एकच. नळी चुकली, वास बिघडला, की संपलं. आणि त्या उद्या परत जाणार.

सकाळीही मी तिन्ही नळ्यांच्या गुणदोषांचा तक्ता मांडून बसले होते. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "नुसतं पाणी उकळून पाहिलंस का गं?"

नाही. मला का नाही सुचलं?

तिन्ही नळ्यांतून साधी वाफ सोडली, तीन वाट्या भरल्या. त्यांनी डोळे मिटून एकेक हुंगली. स्टीलच्या वाटीला ऑइलचा वास (मीच नळी नीट धुतली नव्हती!), तांब्याच्या वाटीला जुन्या नाण्याचा. काचेच्या वाटीला काहीच नाही. "ही," म्हणाल्या. माझा तक्ता तांबं म्हणत होता!

दुपारी काचेची नळी लावून जुडी उकळली. पहिली वाटी भरताच सासूबाईंनी त्यात पंचा भिजवून टेबलफॅनसमोर टांगला. सगळा हॉल नागपूरच्या वाळ्याच्या कूलरसारखा घमघमला. माझी लेक सानिका खोलीतून धावत आली. "आजी, सेम लाइक युअर हाउस, ला!" (इथल्या शाळेतलं ते 'ला' आता तिच्या प्रत्येक वाक्याला!)

सासूबाई पंख्यासमोर मांडी घालून बसल्या. "मग आता उद्या जाऊ तरी कशाला?"

तिकीट पुढे ढकलू का, विचारलं. नाही म्हणाल्या नाहीत.