शेवटचा वेग

३ मार्च, मंगळवार

वर गाडी आपोआप सुटली. वर कोणीही नव्हतं — दाराला मीच कुलूप लावलंय!

आज आईला दवाखान्यातून घरी आणलं. अंथरुणावर टेकली आणि लगेच छताकडे पाहिलं. "वर सामसूम कशी? नाहीये का तो?"

तिचं आणि दादाचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. कशावरून, ते आता दोघांनाही धड सांगता आलं नसतं. जिना वेगळा, चूल वेगळी. पण संध्याकाळी वरच्या खोलीत त्याची छोटी आगगाडी सुरू झाली की ही खालून म्हणायची, "आले साहेब ड्यूटीवर! केस पांढरे झाले, खेळणी सुटेनात." तिच्या वाट्याला मुलगा तेवढाच उरला होता — डोक्यावरची घरघर.

ती अतिदक्षता विभागात असताना दादा गेला. रस्त्यात कोसळला, तिथेच. डॉक्टरांनी बजावलंय, "इतक्यात सांगू नका. धक्का सोसणार नाही."

माझ्या मोबाइलवर दादाने त्याच्या रुळांच्या विजेचं बटण घालून दिलं होतं. परगावी पोचला की त्याचा फोन यायचा, "वीज बंद करायची राहिली गं, तेवढी कर." मला तेवढंच येतं — चालू, बंद. आईचं ते वर बघणं बघवेना. मांडीवर फोन धरून चालू केलं. वाटलं, वर निदान एखादं यंत्र तरी गुणगुणेल. आणि गाडीच सुटली!

"आहे म्हणजे," आई म्हणाली, आणि डोळे मिटले. मग मी बंद केलं.

४ मार्च, बुधवार

हे खोटं बोलणं आहे का? मी तर अक्षरही बोलले नाही. — तर्कशास्त्र शिकवते मी! असल्या पळवाटांवर पोरांचे मार्क कापते.

संध्याकाळी पुन्हा आईशेजारी बसून बटण दाबलं. पुन्हा सुटली. कोणाच्या सांगण्यावरून?

७ मार्च, शनिवार

शेवटी स्टेशनमास्तरांना फोन केला. हे दादाने ठेवलेलं नाव; त्यांचं छोट्या गाड्यांचं दुकान आहे. भूतबीत म्हटलं नाही, नुसतं काय होतं ते सांगितलं.

"त्यांचा कंट्रोलचा डबा अजून चालू असणार. इंजिनाला दिलेला शेवटचा हुकूम तो धरून बसतो. तुम्ही रुळांची वीज तोडता तेव्हा गाडी थांबते, हुकूम नाही थांबत. वीज आली की गाडी निघाली त्याच वेगाने."

"म्हणजे दादाने दिलेल्या वेगाने?"

"हो ताई. डबा बंद करू नका. केलात की पुसलं जाईल." मग म्हणाले, "पण नवल आहे. चालत्या गाडीची वीज ते कधी तोडायचे नाहीत. माझ्यावर ओरडायचे त्यावरून! आधी वेग कमी, गाडी फलाटाला, मग वीज. फार घाईत असतील."

फोन ठेवला आणि बसूनच राहिले.

त्या दिवशी आईला दवाखान्यात नेताना मी टॅक्सीतून त्याला फोनवर कळवलं होतं. तो नुसतं "हं" म्हणाला. इतका राग आला होता! त्याच दिवशी तो दवाखान्याच्याच रस्त्यावर कोसळला, हे मला माहीत होतं. पण त्याच रस्त्यावर बँक आहे, बाजार आहे. कुठे निघाला होता कोण जाणे, असं मी स्वतःला सांगत आले. आता ती चालती गाडी काय सांगते? पुरावा म्हणून पुरेसं आहे? की मला हवं ते मी त्यातून काढतेय?

८ मार्च, रविवार

वर जाऊन आले. गाडी वळणावर, काल मी जिथे वीज तोडली तिथेच. डब्यावरचा लाल दिवा चालू. खुर्ची तिरकी सरकलेली. चष्मा टेबलावर — चष्म्याशिवाय गेला! कशालाही हात लावला नाही. नुसते रूळ पुसले.

१२ मार्च, गुरुवार

गेलेला माणूस रोज संध्याकाळी गाडी हाकतो आणि मी त्याला झेंडा दाखवते. खाली आई ऐकते. तिघंही गप्प.

१५ मार्च, रविवार

"हल्ली शिट्टी नाही वाजवत तो," आई म्हणाली.

"बिघडली असेल," मी म्हटलं.

हे मात्र स्वच्छ खोटं.

१९ मार्च, गुरुवार

दुपारी घराची वीज गेली. अर्ध्या तासाने आली. मला काही सुचलंच नाही! संध्याकाळी बटण दाबलं — काही नाही. पुन्हा दाबलं. वर शांत. डबा बंद पडून परत सुरू झाला होता. त्याला आता काहीच आठवत नव्हतं.

दादा आज गेला, असं वाटलं. त्या दिवशी आलं नव्हतं ते रडू आत्ता येत होतं, आणि समोर आई. ती छताकडे बघत होती.

"राहू दे," ती म्हणाली. "दमला असेल."

२१ मार्च, शनिवार

स्टेशनमास्तर येऊन शिकवून गेले. फोनवर इंजिनाचा नंबर टाकायचा, बोटाने वेग वाढवायचा. शिट्टीचंही बटण निघालं. माझी गाडी दोनदा फलाट सोडून पुढे गेली. "पहिल्याच दिवशी दादाही पुढे गेले होते," ते म्हणाले.

पण हा माझा वेग. त्याचा नाही. इतके दिवस तो निदान त्यात होता. आता मी निव्वळ सोंग करणार. करावं का?

२२ मार्च, रविवार

केलं. आईशेजारी बसून, फोन मांडीवर. हळूहळू सोडली, फेऱ्या झाल्या, शिट्टी दिली, वेग कमी करत आणली, थांबवली. मग वीज.

आईचे डोळे मिटलेले. मला वाटलं, झोपली.

"आज नीट थांबवलीस," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून धाडकन तोडत होतीस. तो तसं कधी करत नसे."

मी तिचा हात धरला.

"एकदा केलं होतं, आई," म्हटलं, आणि त्या दिवसाचं सगळं सांगितलं.