लेमिनो जाळताना

३ जून १९६३, सोमवार

तीखोन आज माझ्या तोंडावर थुंकला. सख्खा थोरला भाऊ! भर दुपारी, कालव्याच्या पाणदरवाजांच्या, म्हणजे लॉकच्या, फळीवर, पडावावरची माणसं बघत असताना.

मी फक्त यादी चिकटवायला गेलो होतो. लेमिनो गावची अठ्ठावीस घरं, एक सप्टेंबरच्या आत मोकळी करायची. ज्यांना ओंडके सुटे करून शहराकडे न्यायचेत त्यांनी न्यावेत. उरलेली आमची टोळी जाळणार. खाली सही — मुकादम, रोदिओन साविच. म्हणजे मी.

"आजोबांनी हे दरवाजे स्वतःच्या हातांनी तासलेत," तीखोन म्हणाला. "आणि तू त्यांच्यावर पाणी घालणार?"

"पाणी मी घालत नाही. धरण बांधलंय, पाणी चढणारच."

"पण काडी तर तूच ओढणार ना!" आणि थू.

मी बाहीने पुसलं. या जुन्या कालव्यावर अडतीस लाकडी लॉकं. प्रत्येकाचे दरवाजे बायाबापड्यांनी रहाट फिरवून उघडायचे, पडाव एक पायरी वर चढवायचा, की पुढचं लॉक. ओनेगा सरोवरापासून वोल्गा नदीपर्यंत जायला पंधरा-पंधरा दिवस. आणि तिकडे खाली सात काँक्रीटची लॉकं उभी राहताहेत. एकेकात आमच्यासारखी चार मावतील! मला ती बघायला आवडतात. पण हे तीखोनला सांगायची सोय नाही. तो या लॉकवर जन्मला, इथलाच मुख्य झाला. मीही इथेच जन्मलो म्हणा.

५ जून

गाल तीनदा धुतला. अजून ओलाच वाटतो.

१४ जून

आज पहिली तीन घरं.

पहिल्या घरातली बाई सामान गाडीवर चढवून झाल्यावर परत आत गेली आणि गुडघ्यांवर बसून जमीन घासायला लागली. मी म्हटलं, "काकू, जाळायचंय ते. पुसताय काय?" ती वरही न बघता म्हणाली, "घाणेरडं घर सोडून गेली असं कुणी म्हणायला नको." माझे लोक टोप्या काढून उभे राहिले. घासून झालं. मग डिझेल.

नियम मी पहिल्याच दिवशी घालून दिलाय. काडी लावायच्या आधी एक माणूस आत जाणार, तळघर, पोटमाळा, सगळं बघणार, बाहेर येऊन मोठ्याने "रिकामं!" म्हणणार. त्याशिवाय नाही. हे काम परामोनला दिलंय. पंचेचाळिशीचा आहे, मंद वाटतो, पण सरळ माणूस. पूर्वी घरोघरी विटांच्या भट्ट्या बांधायचा, वर हिवाळ्यात झोपायला उबदार कट्टा असलेल्या. घर जळून गेलं की भट्टी तेवढी उभी राहते. मग ती पहारीने पाडायची, नाहीतर उद्या बोटींचे तळ फाटतील. स्वतः बांधलेल्या दोन आज परामोनने स्वतः पाडल्या. "हिचा धूर कधी घरात आला नाही, मुकादम," एवढंच म्हणाला. नंतर जेवला नाही.

बेलारूसमध्ये चव्वेचाळीस साली अशीच गावं पाहिली होती. नुसती धुराडी उभी. तेव्हा जाळणारे जर्मन होते.

२७ जून

डाव्या हाताने लिहितोय. उजवा सुजलाय. दोन दात गेले.

पुलाजवळ गावातले चौघे दबा धरून बसले होते, कुंपणाचे खुंट घेऊन. पहिला फटका पाठीत. मी चिखलात तोंडावर पडलो, वरून बूट. "जाळ आता! जाळ ना!" कुणाचा तरी हात तोंडापाशी आला, तो चावलो — हाडापर्यंत. मग हाताला पहार लागली. मी एकाच्या गुडघ्यावर मारली. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज. तो लहान पोरासारखा आईला हाका मारत होता.

परामोन धावत आला, मला खांद्यावर टाकून नेलं. त्यालाही दोन बसले. वाटेत म्हणतो, "मुकादम, तुम्ही फार जड आहात हो." बरगडी मोडलेली असताना हसायला लावतो, गाढव!

तीखोन लॉकवरून सगळं बघत होता. हलला नाही.

९ जुलै

दफनभूमीतली हाडं नेताहेत. ज्याला हवीत त्याने स्वतः उकरून न्यायची. बाकीच्यांवर बुलडोझर.

आईला आम्ही दोघांनी उकरलं. मी आणि तीखोन. एकाने फावडं मारायचं, दुसऱ्याने माती उपसायची. अनफीसा मावशी वर पांढरी चादर धरून उभी होती. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा. याच मावशीने आम्हाला वाढवलं, लग्न केलं नाही. आता अठ्ठ्याहत्तरीची. ऐकू फार कमी येतं. तिने रुमालाने बहिणीची कवटी पुसली, अगदी पोराचं तोंड पुसावं तशी.

परतताना मी तिच्या कानात ओरडून म्हटलं, "मावशी, तीखोनला शहरात खोली मिळालीय. नळाचं पाणी आहे घरात!"

"पाणी इथेही येतंयच की घरात!" ती म्हणाली.

तीखोन हसला. मीही. दोघे एकदम हसलो आणि लगेच गप्प झालो.

२ ऑगस्ट

खालचं, केव्हाच वापरातून गेलेलं जुनं लॉक सुरुंग लावून उडवलं. दीडशे वर्षांचे ओंडके काडेपेटीतल्या काड्यांसारखे आभाळात गेले. एक ट्रॅक्टरवर पडला. चालवणारा जागीच. मी बूट धरून ओढला तर नुसता बूटच हातात आला.

दुपारी काम पुन्हा सुरू. रक्तावर वाळू टाकली.

२४ ऑगस्ट

मावशीचं घर होतं आज. मी ते शेवटी ठेवलं होतं. काल तीखोनने तिला लॉकवरच्या आपल्या खोलीत नेलं. गप्प गेली म्हणे. मला बरं वाटलं.

सकाळी परामोन आत जाऊन आला. "रिकामं!" पावसाने ओंडके भिजलेले, म्हणून डबल डिझेल ओतलं. तेवढ्यात ट्रक रस्त्यावर चिखलात रुतला. सगळे ढकलायला गेलो. अर्धा तास तरी गेला. लॉकवर टगबोटीची शिट्टी वाजत होती, तीन पडाव मागे घेऊन आली होती. परत आलो आणि काडी लावली. मीच लावली. दुसऱ्या कुणाला लावू द्यायची नाही असं ठरवलं होतं.

डिझेलमुळे एकदम भडकलं. खिडक्या फुटल्या. मग लॉककडून तीखोन धावत येताना दिसला. मला वाटलं पुन्हा मारायला येतोय, मी पहार उचलली. तो माझ्या बाजूने गेला, सरळ दारातून आत! आत जाता जाता एकच शब्द ओरडला.

"मावशी!"

छप्पर बसत होतं. लांब आकड्याने आम्ही त्याला पट्ट्यात अडकवून बाहेर ओढला. केस पेटलेले. हातांची कातडी हातमोज्यासारखी लोंबत होती. तो मला लाथा मारत होता, पुन्हा आत जायचं म्हणून. चौघांनी त्याच्यावर बसून त्याला धरलं.

मी उभा होतो. पहार हातातच होती.

२५ ऑगस्ट

भट्टी उभी आहे. मावशी तिच्यावरच्या झोपायच्या कट्ट्यावर सापडली. कुशीवर. हिवाळ्यात झोपायची तशी. रात्रीच निसटून परत आली असणार, तीखोनला खोली रिकामी दिसली म्हणून तो धावत आला.

२७ ऑगस्ट

आज परामोनला मारलं.

सरपणाच्या ढिगामागे नेलं. विचारलं, "तू बघितलं होतंस?"

"बघितलं होतं, मुकादम."

"कट्ट्यावर?"

"मी भट्टीवाला माणूस. आत शिरलं की आधी तिथेच बघतो."

"मग ती आली कुठून? आभाळातून पडली?"

"ठाऊक नाही. पण बघितलं होतं."

प्रत्येक "बघितलं होतं"ला एक ठोसा. त्याने हात वर केले नाहीत. माझ्यापेक्षा अंगाने दुप्पट आहे, एका हाताने मला उचलू शकतो — उचललंही आहे! पण उभा राहिला. मग पडला. मग मी बुटाने मारलं. एकदा थांबलो, तर रक्त थुंकून म्हणाला, "बघितलं होतं." तेव्हा मी हातात आलं ते लाकूड घेतलं. त्याचा डावा डोळा... बाकीच्यांनी मला मागून धरलं नसतं तर तो मेला असता. मला तेच हवं होतं. खोटं कशाला लिहू इथे.

माझ्या बोटांच्या पेरांत त्याच्या दातांचे तुकडे आहेत. सुईने काढले.

३० ऑगस्ट

बांधकामाच्या साहेबांनी बोलावलं. कागद तयार होता: "घर रिकामं असल्याची खात्री केली होती. त्यानंतर वृद्धा आपणहून आत शिरली."

"हे खोटं आहे," मी म्हटलं.

"असेना. तुम्हा सगळ्यांना तुरुंगाबाहेर ठेवणारं खोटं आहे. सही करा."

मी कागद फाडला. परामोनने बघितलं नव्हतं, तसं लिहा म्हटलं. त्यांनी ड्रॉवर उघडला, दुसरी प्रत काढली, तिच्यावर स्वतःच सही केली आणि मला दार दाखवलं.

परामोनच्या डोळ्याचं विचारायला मिलिशियाचे पोलीस गेले होते. म्हणाला, ओंडका घसरून लागला.

मला वाटलं, मनात पाप आहे म्हणूनच माझं नाव घेत नाही.

१५ सप्टेंबर

शहरातल्या हॉस्पिटलात गेलो. का गेलो कोण जाणे. दारात परामोनची बायको, ग्लाफीरा. लिंगनबेरीच्या आंबट फळांचा डबा घेऊन बसलेली. मला बघून उठली. वाटलं डबा तोंडावर मारेल. म्हणाली, "आत जा. तो रोज विचारतो, मुकादम आले का. मी त्याच्या जागी असते तर तुमचा गळा चावला असता."

डोळा काढलाय. चेहऱ्यावर पट्ट्या. मी स्टुलावर बसलो.

मग तोच म्हणाला, "मी पडल्या पडल्या फार विचार केला. मी बघितलं होतं, असं मला अजून दिसतं. कट्टा रिकामा, एक फाटकी गोधडी. पण शेवटी शेवटी रोज तीन-तीन घरं बघत होतो हो. कट्टे सगळे सारखेच. कदाचित आदल्या दिवशीचा कट्टा डोळ्यांसमोर येत असेल."

"म्हणजे बघितलं नव्हतंस."

तो छताकडे बघत राहिला. "नसेल बघितलं. तुमची मावशी तिथे होती, म्हणजे नसणारच बघितलं. मला माफ करा."

मला हलकं वाटलं! लिहायला लाज वाटते, पण वाटलं. बाहेर आल्यावर टपरीवर उभ्याने मांसाचे दोन गरम वडे खाल्ले. महिन्याभरात पहिल्यांदा चव लागली.

२० ऑक्टोबर

जुन्या वाटेने जाणारा शेवटचा ताफा आज. टगबोट आणि दोन पडाव, इमारती लाकडाचे.

तीखोनचे हात अजून बांधलेले. रहाट फिरवायला माणूस कमी. मी न विचारता दांड्याला छाती लावली. समोरच्या दांड्यावर दोन बायका. दरवाजे करकरत उघडले. पडावावरच्या एकाने टोपी हलवली. तीखोन दरवाजांच्या वरून वाहणाऱ्या पाण्याकडे बघत होता.

मी म्हटलं, "परामोनने कबूल केलं. बघितलं नव्हतं म्हणाला."

तीखोनचा चेहरा असा झाला की मला वाटलं तो पाण्यात पडणार. मी कोपर धरलं. त्याने झटकलं. "कबूल केलं?" दोनदा विचारलं. मग तिसऱ्यांदा.

"हो. माफीही मागितली."

तो खोलीत गेला आणि कडी लावली. लॉक मीच बंद केलं.

२९ ऑक्टोबर

गावात पाणी आलं. आधी विहिरीजवळची खळगी, मग रस्ता. वरून राख तरंगतेय, काळी साय धरावी तशी. सुरुंगवाले उद्या आमच्या लॉककडे वळणार.

३ नोव्हेंबर

तीखोन आला. प्यायलेला नव्हता. दारातच उभा राहून बोलला.

"परामोन आत जाऊन आला तेव्हा घर रिकामंच होतं. तुम्ही ट्रक ढकलायला गेलात, तेव्हा मी मावशीला मागच्या दाराने आत नेलं. कट्ट्यावर बसवलं. तीच म्हणाली होती, मला घरी ने. म्हटलं, ती आत असली की तू काडी ओढणार नाहीस. मी दारात उभा राहून सांगणार होतो तुला. तेवढ्यात टगबोट शिट्टी वाजवायला लागली. दरवाजे उघडून दोन मिनिटांत येतो, असं तिला सांगून गेलो."

मी त्याला मारलं नाही. हात उचललाच गेला नाही.

उद्या पहिल्या बसने परामोनकडे जायचं. त्याला सांगायचं, तू बघितलं होतंस.