एक पिकअप राहिलाय

मुरगूड,
८ जुलै २०२४

प्रिय हुसेन यास नजीराआपाची दुवा. वि. वि.

फोनवर मला नीट ऐकू येत नाही, म्हणून कागद घेतला. तुझ्या स्कूल व्हॅनमध्ये जिचा मुलगा येतो ती संयोगिता माहेरी आली होती. म्हणाली, शाळा सुटली की हुसेनभाई थेट घरी येत न्हाईत, पोरांसकट दवाखान्याच्या गेटवर थांबत्यात. विचारलं की एक पिकअप राहिलाय म्हणत्यात. पोरं भ्यायलीत, आता दुसरी व्हॅन बघणार हाय.

अरे, बायकोला, रुबीनाला तूच माती देऊन आलास ना? मग तिथं कुणाची वाट बघतोस? तुझं डोकं लहानपणापासून असंच, एकदा धरलं की सोडायचं नाही. पोरं गेली तर खाशील काय?

रागावले म्हणून माया आटली समजू नकोस.

तुझी,
नजीराआपा


शिवाजी पेठ, कोल्हापूर,
१३ जुलै २०२४

आपास हुसेनचा सलाम. वि. वि.

संयोगिताताई खरं बोलल्या. त्या दिवशी रुबीनाच्या छातीत दुखत होतं आणि गाडीत पोरं होती. गेटवर उतरून तीच म्हणाली, आधी पोरांना ड्रॉप करून या, मी इथंच थांबते. मी परतलो तोवर सगळं संपलं होतं. घरी तिला अँब्युलन्सनं आणलं, माझ्या गाडीनं नाही.

आमच्या धंद्यात ज्याला सोडलं त्याला परत आणायचं असतं. मागच्या काचेवर मीच रंगवून घेतलंय, पिकअप अँड ड्रॉप. आता गेट आलं की ती पदर सावरत उभी दिसते. हॉर्न देतो, पण ती नुसती बघत राहते. मला गाडी पुढं नेववत नाही. तू ये. तुझं ती ऐकायची.

दाजींना सलाम. धाकट्या भावावर लोभ असू दे.

तुझा,
हुसेन


शिवाजी पेठ, कोल्हापूर,
२९ जुलै २०२४

आपास सलाम. वि. वि.

तू येऊन गेलीस, फार आधार वाटला. गेटवर उतरून तू तिला दटावलंस, नवऱ्याला किती ताटकळत ठेवशील, चल, बस. पुढचं दार तिच्यासाठी उघडलंस आणि स्वतः मागं बसलीस. घर आल्यावर तिला हात धरून उतरवावं तसं उतरवलंस. माझ्या समाधानासाठी केलंस, हे कळतं मला. पण आपा, ती खरंच उतरली.

आता गेटवर कुणी नसतं. ती घरात असते. स्वयंपाकघरात भांडी वाजतात. मी चपला घातल्या की उंबऱ्यापर्यंत येते आणि तशीच बघत राहते.

संयोगिताताईंचा फोन येऊन गेला, पोरं दप्तरं घेऊन दारात उभी आहेत म्हणाल्या. किल्ली समोर पडली आहे. पण एकदा तिला एकटी सोडून गेलो, तर परत येईपर्यंत ती राहिली नाही. आज मी गाडी काढणार नाही.

माझी काळजी करू नकोस, माया मात्र ठेव.

तुझा,
हुसेन