चिमणी पटांगणात

ता. ९ मे

प्रिय ताई,

तुझे ऑपरेशनचे टाके सुकताहेत हे वाचून जिवात जीव आला. भाऊजींना नमस्कार. तुझी चिमणी माझ्याकडे मजेत आहे, पाढे म्हणते, दूध पिते. गुडघा थोडा खरचटलाय.

तो कसा, ते सांगायलाच हवं. 'बाहेर सोडू नकोस' म्हणून तू तीनदा बजावलं होतंस. मी सोडते. रोज संध्याकाळी, समोरच्या पटांगणात.

रागावण्याआधी ऐक. आली तेव्हा ती कठडा घट्ट धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत जिना उतरायची. आठ वर्षांची मुलगी! दवाखान्यात दिवसभर मोडक्या हातापायांना प्लास्टर घालणारी मी, पण मला नवल वाटलं ते हिच्या कधीच न पडण्याचं.

पहिल्या दिवशी कडेला उभी राहून विचारते, "मावशी, पळताना खाली बघायचं की समोर?"

मला कुठे ठाऊक! म्हटलं, "पळून बघ आणि मलाही सांग."

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. "समोर. पायांना आपलं आपलं कळतं."

सहाव्या दिवशी पडली. मी लंगडत पोचेपर्यंत उठून माती झटकत होती. "एवढंच असतं होय पडणं?"

आता राज्य आलं की रडत नाही, भांडते. ताट चाटूनपुसून जेवते, उशीला डोकं टेकताच झोपते. जिना धडधडत उतरते. खालच्या आजोबांची तक्रारही आली.

काल मात्र तिने विचारलं, "तू भिंतीवरून पडलीस तेव्हा आईचा हात सुटला होता ना? म्हणून ती घाबरते?"

ताई, तुझा हात सुटला नव्हता. मी हिसडा मारून सोडवला होता. मला उडी मारायची होती, उडता येतं का बघायचं होतं. बाबा पट्टी घेऊन समोर उभे राहिले आणि मी तुझं नाव घेतलं. मार तू खाल्लास. सत्तावीस वर्षं माझा आखूड पाय दिसला की तू मान खाली घालतेस, आणि मी घालू देते.

चिमणीला हे सगळं सांगितलं. तिने माझा आखूड पाय नीट निरखून पाहिला. मग म्हणाली, "पण उडता आलं का?"

"क्षणभर," म्हटलं.

माझ्यावर रागव, बोलू नकोस, पण माझ्या लबाडीची शिक्षा तिला नको. शनिवारी न्यायला येशील तेव्हा संध्याकाळीच ये. ती पटांगणात असेल.

तुझ्या हातून कधीच न पडलेली,
धाकटी